लेकीसाठी दादर की बोरिवली?

प्रश्न : ताई, मुलीला लोअर परळला नोकरी लागलीय. बहीण म्हणते, दादरलाच ठेव, आपली माणसं आहेत. पण तिथल्या एका खोलीच्या भाड्यात आमच्या मांजलपूरला अख्खा फ्लॅट मिळतो! काय करू?
– एक आई, बडोदे

उत्तर : बोरिवली बघा. बडोद्यातला दांडिया बाजार सोडून मी तिथे सहा वर्षं काढलीत. बडोद्याच्या बऱ्याच गाड्या बोरिवलीला थांबतात. लिलो चेवडोचा (आपल्या ओल्या चिवड्याचा) डबा घेऊन उतरलात की रिक्षाने थेट लेकीच्या दारात. एक गोष्ट दलाल सांगणार नाही: लोअर परळला फास्ट लोकल थांबत नाही. बोरिवलीहूनच सुटणारी स्लो पकडायची. तासभर लागतो, पण बसून. फास्टने जाऊन दादरला गाडी बदलण्याचा शहाणपणा मी महिनाभर केला, दोन चपला तुटल्या.

‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ हे दलालाचं घड्याळ. संध्याकाळी सात वाजता स्वतः चालून बघा. डिपॉझिट आणि महिन्याच्या भाड्याएवढी दलाली वेगळी धरा. दादरला बहिणीकडे रविवारी जेवायला जाऊ दे की!