वाचक विचारतात : फिल्टर लावला, पण खरं का वाटत नाही?

गेल्या अंकात व्हेक्टर ड्रॉइंगमधल्या (पिक्सेलऐवजी रेषा आणि आकारांनी बनलेल्या चित्रांमधल्या) फिल्टर्सबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आले. बहुतेक इंकस्केपचे आहेत, एक इलस्ट्रेटरचा, दोन्ही अशी चित्रं काढायची सॉफ्टवेअर. सारखे वाटले ते एकत्र केलेत.

प्रश्न : अक्षरांना सोन्याचा लूक द्यायचाय. फिल्टर मेनूतल्या बेव्हल्समधले जवळपास सगळे लावून झाले, पण अक्षरं सोन्याची न दिसता पिवळ्या प्लास्टिकची दिसतात. नक्की चुकतंय काय?

चमकेचा रंग चुकतोय. प्लास्टिकवर उजेड पडला की चमक पांढरी दिसते, मग प्लास्टिक लाल असो नाहीतर निळं. सोन्या-तांब्याचं तसं नाही, तिथे चमकेलाच धातूचा रंग असतो. रेडीमेड फिल्टर्समध्ये बऱ्याचदा लाइटचा रंग पांढरा असतो आणि आपण खाली पिवळा फिल (शेपच्या आतला रंग) देऊन मोकळे होतो, मग दिसणार प्लास्टिकच! फिल्टर एडिटर उघडा, स्पेक्युलर लायटिंगवर (चमक पाडणारा फिल्टर) क्लिक करा आणि लाइटचा रंग फिकट पिवळसर-नारिंगी करा, खालचा फिल मात्र बराच गडद, तपकिरीकडे झुकणारा घ्या. एवढ्यानेच निम्मं काम होतं.

उरलेल्या निम्म्यासाठी आतली साखळी कळायला हवी, ती एकदा स्वतः जोडून बघाच. आधी गॉशियन ब्लर (कडा धूसर करणारा) घ्या आणि त्याला इनपुट सोर्स अल्फा (शेपची फक्त अपारदर्शकता) द्या, सोर्स ग्राफिक (रंगासकट शेप) नाही. कारण लायटिंगवाले फिल्टर रंग बघतच नाहीत, ते फक्त अल्फा बघतात आणि अल्फालाच उंची समजतात, जिथे अपारदर्शक तिथे उंच, जिथे पारदर्शक तिथे सखल. ब्लर केल्यामुळे अक्षराच्या कडेला उतार तयार होतो आणि त्या उतारावर लाइट पडतो, बेव्हल म्हणतात ते एवढंच. अक्षराच्या रेघेची जाडी 20 पिक्सेल असेल तर ब्लर 3 च्या आसपास ठेवा, म्हणजे मध्ये थोडी सपाट जागा उरते, 8-10 केलात तर सगळं अक्षर उशीसारखं फुगतं. मग स्पेक्युलर लायटिंग : सरफेस स्केल (उंची किती पट) 5, एक्सपोनंट (चमक किती आवळलेली) 25, लाइट डिस्टंट (लांबचा), अझिमथ (उजेडाची दिशा, अंशांत) 225, एलिव्हेशन (उजेडाची उंची, अंशांत) 55. अझिमथ 225 म्हणजे उजेड वर डावीकडून येतो, कारण एसव्हीजीत (व्हेक्टर चित्रांचा फाइल फॉरमॅट) वाय अक्ष खाली मोजतात. त्यानंतर कंपोझिट (दोन चित्रं एकत्र करणारा), ऑपरेटर इन, दुसरं इनपुट सोर्स अल्फा, म्हणजे चमक अक्षराबाहेर सांडणार नाही. शेवटी अजून एक कंपोझिट, ऑपरेटर अरिथमेटिक, के2 आणि के3 दोन्ही 1, बाकी शून्य, यातून चमक मूळ रंगात मिळवली जाते.

एवढं करूनही धातू मऊ-मऊ दिसत असेल तर त्यात पट्टे नाहीत म्हणून. पॉलिश केलेल्या धातूत आजूबाजूचं प्रतिबिंब पडतं, त्यामुळे गडद-उजळ-गडद असे अचानक बदलणारे पट्टे दिसतात. त्यासाठी स्पेक्युलरऐवजी डिफ्यूज लायटिंग (चमकेशिवायचा, पसरलेला उजेड) घ्या, त्यापुढे कंपोनंट ट्रान्सफर (रंगांच्या व्हॅल्यू बदलणारा) लावून आर, जी, बी (लाल, हिरवा, निळा) तिन्हींना टाइप टेबल द्या आणि व्हॅल्यूज टाका 0.1 0.9 0.2 1. एकच उतार वर-खाली दुमडला जातो आणि एकदम क्रोमसारखं दिसायला लागतं. डिफ्यूजचं आउटपुट मात्र पूर्ण अपारदर्शक असतं, फिल्टरचा सगळा चौकोन भरून टाकतं, म्हणून मघाचं इनवालं कंपोझिट इथे विसरून चालणारच नाही. आणि क्रोमला सोनं करायचं तर डिफ्यूजचा लाइट पांढराच ठेवा आणि टेबलमधल्या जीच्या व्हॅल्यूज थोड्या, बीच्या बऱ्याच कमी करा.

प्रश्न : मोठ्या टायटलला रुंद बेव्हल दिला की उतारावर पायऱ्या-पायऱ्या दिसतात. झूम केल्यावर तर फारच.

उंची अल्फात साठवलेली असते आणि अल्फाला लेव्हल असतात जेमतेम 256. ब्लर मोठा केला की त्या 256 पायऱ्या लांबवर पसरतात, वर सरफेस स्केल वाढवलं की प्रत्येक पायरी ठळक होते. लायटिंगच्या नंतर अर्धा-एक पिक्सेलचा ब्लर लावा आणि सरफेस स्केल कमी करा. थोडा नॉइज (बारीक दाणे) टाकला तरी पायऱ्या लपतात आणि वस्तूही जास्त खरी वाटते, मला तोच उपाय आवडतो.

प्रश्न : टर्ब्युलन्स लावला की नुसते रंगीबेरंगी ढग येतात, तेही शेपच्या बाहेर चौकोनभर. यातून दगड, लाकूड, जुना कागद कसा करायचा?

टर्ब्युलन्स तुमच्या शेपकडे बघतच नाही, त्याला इनपुटच नसतं, तो फिल्टरच्या चौकोनात नॉइज भरतो आणि गप्प बसतो. हा तोच पर्लिन नॉइज. केन पर्लिन यांनी 1985 मध्ये त्यावर पेपर लिहिला आणि 1997 मध्ये त्यांना त्यासाठी ऑस्करचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला, कारण कॉम्प्युटरवर बनवलेली चित्रं फार गुळगुळीत दिसायची आणि हा त्यावरचा इलाज होता. आपली अडचणही तीच आहे बघा.

रंगीबेरंगी दिसतं कारण आर, जी, बी आणि अल्फा या चारही चॅनेलमध्ये वेगवेगळा नॉइज असतो. दगडासाठी रंगांशी कुस्ती खेळूच नका. अल्फातही नॉइज आहे आणि लायटिंगला अल्फाच लागतो, म्हणजे टर्ब्युलन्सचं आउटपुट सरळ डिफ्यूज लायटिंगला जोडलं की खडबडीत पृष्ठभाग तयार. टाइप फ्रॅक्टल नॉइज, बेस फ्रीक्वेन्सी 0.04, ऑक्टेव्ह (नॉइजचे थर) 4, सरफेस स्केल 2 पासून सुरू करा, मग इन कंपोझिट करून शेपमध्ये कापा. फ्रीक्वेन्सीचा अंदाज सोपा आहे, 1 भागिले फ्रीक्वेन्सी, म्हणजे 0.04 ला साधारण 25 पिक्सेलचे उंचवटे. ऑक्टेव्ह 5-6 च्या पुढे नेऊ नका, प्रत्येक ऑक्टेव्ह आधीच्यापेक्षा दुप्पट बारीक आणि निम्म्या ताकदीचा असतो, डोळ्याला फरक कळत नाही आणि कॉम्प्युटर मात्र घामाघूम होतो.

लाकडाची मेख अशी की बेस फ्रीक्वेन्सीला दोन आकडे देता येतात. एक्स 0.01 आणि वाय 0.2 दिलं की नॉइज आडवा ताणला जातो आणि रेषा दिसतात. त्या रेषा वाकवण्यासाठी पुढे डिस्प्लेसमेंट मॅप (पिक्सेल इकडेतिकडे सरकवणारा) लावा आणि त्याला मोठ्या उंचवट्यांचा दुसरा टर्ब्युलन्स द्या.

जुन्या कागदाच्या कडा, शिक्क्याची फुटकी शाई, हेही सगळं डिस्प्लेसमेंटचंच काम, स्केल 4 ते 6 पुरे. तिथे टर्ब्युलन्सचा टाइप फ्रॅक्टल नॉइजच ठेवा. दुसऱ्या टाइपमध्ये व्हॅल्यू सरासरीने 0.5 च्या खाली राहतात, डिस्प्लेसमेंट तर 0.5 लाच शून्य समजतो, त्यामुळे कडा फाटायच्या ऐवजी अख्खा शेपच बाजूला सरकतो आणि आपण बसतो डोकं खाजवत.

प्रश्न : शॅडो एका बाजूला सरळ रेषेत कापली जाते.

फिल्टरचा चौकोन पुरत नाहीये. एसव्हीजीत तो न सांगता शेपच्या चारही बाजूंना 10 टक्के जास्त इतकाच असतो. फिल्टर एडिटरमध्ये फिल्टरच्या जनरल सेटिंग्जमध्ये जा, एक्स आणि वाय -0.5, रुंदी-उंची 2 करा. उगाच 10 वगैरे करू नका, रिकामी जागासुद्धा मोजली जाते.

प्रश्न : इंकस्केपमध्ये केलेला फिल्टर कोडमध्ये हाताने पुन्हा लिहिला, ब्राउझरमध्ये सगळं उजळ आणि फिकट दिसतं. आकडे तेच आहेत.

आकडे तेच, कलर स्पेस (रंगांचे आकडे मोजायची पद्धत) वेगळी. एसव्हीजीत फिल्टरचं गणित डीफॉल्टने लिनियर आरजीबीत होतं, इंकस्केप आपल्या फिल्टरवर गुपचूप एसआरजीबी लिहून ठेवतं. फिल्टरवर कलर-इंटरपोलेशन-फिल्टर्सची व्हॅल्यू एसआरजीबी करा, दोन्हीकडे सारखं दिसेल.

प्रश्न : स्क्रीनवर झकास दिसतं, पण प्रिंटिंगसाठी पीडीएफ केली की फिल्टर लावलेला भागच तेवढा फाटका येतो. व्हेक्टर आहे ना ते?

शेप व्हेक्टर आहे, फिल्टर नाही. फिल्टर शेवटी पिक्सेलवरच चालतो, आणि पीडीएफमध्ये एसव्हीजीचे हे फिल्टर जसेच्या तसे ठेवायची सोयच नाही, म्हणून इंकस्केप तेवढ्या भागाची इमेज करून आत घालतं. पीडीएफ सेव्ह करताना जो डायलॉग येतो त्यात फिल्टर रास्टराइज करायचा (पिक्सेलची इमेज करायचा) पर्याय आणि त्याचं रेझोल्यूशन असतं, ते न बदलता 96 वर (इंचाला 96 पिक्सेल) राहतं, तिथे 300 टाका. तो पर्यायच काढून टाकलात तर फिल्टर उडतो आणि नुसता शेप येतो, हेही लक्षात असू द्या.

इलस्ट्रेटरवाल्या वाचकाचं दुखणंही साधारण हेच आहे. तिथे इफेक्ट मेनूत डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट्स सेटिंग्ज बघा, 72 असेल तर 300 करा. आणि एसव्हीजी फिल्टर वापरून फाइल एसव्हीजीच ठेवायची असेल तर अपिअरन्स पॅनेलमध्ये तो सगळ्या इफेक्ट्सच्या शेवटी हवा, त्याच्यानंतर दुसरा इफेक्ट आला की एक्स्पोर्टमध्ये इमेज घुसते.

प्रश्न : आठ-दहा ऑब्जेक्टला फिल्टर लावले की माउस हलवणंही मुश्कील होतं. नवीन कॉम्प्युटरच घ्यावा का?

थांबा, खिशात हात घालायच्या आधी व्ह्यू मेनूत डिस्प्ले मोड नो फिल्टर्स करा आणि काम करा, बघायचं असेल तेव्हाच नॉर्मलवर या. प्रेफरन्सेसमध्ये रेंडरिंगखाली फिल्टर क्वालिटीही कमी करता येते, ती फक्त स्क्रीनपुरती असते. शिवाय झूम वाढवलं की तोच फिल्टर जास्त पिक्सेलवर मोजावा लागतो, त्यामुळे आकडे ठरवताना झूम कमी ठेवा. आणि दहा अक्षरांना दहा वेळा फिल्टर लावलाय का ते एकदा तपासा, सगळी ग्रुप करून ग्रुपला एकदाच लावला तर काम बरंच हलकं होतं. फक्त अक्षरं एकमेकांना चिकटलेली किंवा एकावर एक असतील तर ग्रुपचा बेव्हल ती एकच शेप धरून काढतो, तिथे प्रत्येकाला वेगळाच लावावा लागेल.