खाते भरपूर, पण अंगात त्राण नाही

‘मॅडम, खाल्लेलं अंगी लागत नाही हो माझ्या.’ चाळिशीतल्या त्या बाईंची ही तक्रार आहार समुपदेशनात मी सतत ऐकते. जिना चढताना धाप, दुपारी गळून जाणं, मग ताकद यावी म्हणून आणखी खाणं. जोडीला ‘मेटाबॉलिझम वाढवणारी’ पावडर. या पावडरींबद्दल माझं मत चांगलं नाही, तेही मी त्यांना लगेच सांगून टाकलं.

वजनाचं विचारलं, तर वर्षभरात ४ किलो वाढलेलं. म्हणजे अन्न पचत होतं, शोषलंही जात होतं. वापरून उरलेलं चरबी होऊन साठत होतं. अडचण त्याच्या पुढे कुठेतरी होती.

त्यांना कागदावर काढून दाखवलं. पिष्टमय पदार्थांचं आतड्यात ग्लुकोज होतं आणि ते रक्तातून पेशीत जातं. पण पेशीला ग्लुकोज थेट वापरता येत नाही. तिला ऊर्जा पुरवणारा एटीपी नावाचा रेणू लागतो. ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऑक्सिजनशिवाय निव्वळ २ एटीपी मिळतात. तोच रेणू मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागात, ऑक्सिजनच्या मदतीने पूर्ण जळला तर साधारण ३०. शिवाय एटीपीचा साठा करता येत नाही. शरीरात एका वेळी तो थोडाच असतो, पण सतत तुटतो आणि पुन्हा बनतो. दिवसभराची ही उलाढाल मोजली तर ती जवळपास आपल्या वजनाएवढी भरते.

‘मग जास्त खाल्लं की जास्त एटीपी?’ त्यांनी विचारलं. नाही. पेशी गरजेपुरतंच बनवते. चुलीत लाकडं कोंबून वाराच बंद केला तर धूर होतो, तसं काहीसं. हा वारा, म्हणजे ऑक्सिजन, पेशीपर्यंत पोचवतं हिमोग्लोबिन, आणि त्यासाठी लोह हवं. मायटोकॉन्ड्रियातल्या शेवटच्या टप्प्यावरच्या प्रथिनांनाही लोह लागतंच. थायरॉइड बिघडलं तरी थकवा येतो, वजनही वाढतं. म्हणून माझ्या आहार तक्त्याआधी डॉक्टरांकडे जा म्हटलं.

‘पाळी कशी येते?’ हे मी विचारेपर्यंत त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपासून रक्तस्राव खूप होता. ‘या वयात व्हायचंच,’ असं त्या धरून चालल्या होत्या.

तपासणीत थायरॉइड ठीक निघालं. हिमोग्लोबिन १०.४, म्हणजे कमी, आणि फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, अगदी तळाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही पाठवलं. माझ्याकडून बदल थोडेच होते: लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा-कॉफी नको, आणि ताकदीच्या नावाखाली होणारं मधलं खाणं बंद.

तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा जिन्यावरची धाप गेली होती. दुपारची सुस्ती थोडी उरली होती. मग कळलं, की रात्री एकपर्यंत मोबाइल चालतो. त्यावर आमचं बोलणं अजून सुरू आहे.