भातखाचरांचे बारमाही फोटो

प्रश्न : भोरजवळच्या एकाच भातखाचराचे वर्षभर फोटो काढायचे आहेत. पावसाळ्यात आकाश पांढरंफटक येतं आणि भात काळपट दिसतो. काय करावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : ढगाळ आकाश जमिनीपेक्षा खूप उजळ असतं. ते चौकटीत जास्त आलं की कॅमेरा प्रकाश कमी घेतो आणि भात काळवंडतो. तेव्हा आकाश वरच्या पट्टीपुरतंच ठेवा किंवा सरळ वगळा. खाचरांच्या बांधांच्या वळणदार रेषा पुरेशा असतात. ओल्या पातीवर पांढरी चकाकी येते, हिरवा रंग मरतो तो तिच्यामुळे. पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चकाकी कापणारा फिरता फिल्टर) लावून चकाकी जाईपर्यंत हळूहळू फिरवा. त्यात एक ते दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश), म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ४०० ते ८०० ठेवा. लावणीच्या दिवसांत मात्र पोलरायझर काढूनच ठेवा! चिखलणी केलेल्या खाचरातलं आभाळाचं प्रतिबिंब हाच तेव्हाचा खरा फोटो, आणि पोलरायझर नेमकं तेच पुसतो.

एसी गाडीतून उतरल्यावर लेन्सवर वाफ धरते. पुसू नका, पुन्हा धरते. कॅमेरा बंद पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा.

पीक पिवळं झालं की सकाळी सूर्य फार वर चढण्याआधीचा तिरपा उजेड गाठा. थंडीतल्या धुक्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ करा, म्हणजे फोटो एक स्टॉप उजळ घ्या, नाहीतर धुकं राखाडी येतं. उन्हाळ्यात राब (रोपांसाठीची जमीन पालापाचोळा पसरून) भाजतात तो धूर चुकवू नका. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहा.

दर वेळी तीच चौकट मिळावी म्हणून उभं राहायची जागा बांधावरच्या एखाद्या दगडावरून पक्की करा. फोकल लेंथ (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा) आणि ट्रायपॉडची उंचीही वहीत लिहून ठेवा.