शब्द गोळा करायला बांधावर जा

ताई, गावातली झाडापिकांची नावं आणि जुने शब्द जमवायचं मनावर घेतलंत, फार बरं वाटलं. पण सगळा मराठवाडा एकदम पालथा घालू नका. एकच पीक धरा, शक्यतो ज्वारी. एखाद्या म्हाताऱ्या मावशींसोबत पेरणीपासून खळ्यापर्यंत फिरा. ज्वारी पोटऱ्यात येते, म्हणजे कणीस अजून पानांच्या आत फुगलेलं असतं, मग निसवते, म्हणजे कणीस बाहेर पडतं, मग कणसात दाणा भरतो आणि कोवळा असतानाच हुरडा भाजायची आगटी (खड्ड्यातली शेकोटी) पेटते. ज्वारीच्या एका ताटाला (धांड्याला) एवढे शब्द! ते घरी बसून सापडत नाहीत.

सुरुवातीला हमखास चुकतं ते असं:

- ऐकलेला शब्द 'शुद्ध' करून लिहिणं. मावशी 'येळवस' म्हणाल्या तर 'येळवस'च लिहा, कंसात वेळ अमावस्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येचा शेतातला सण.
- नावाच्या आवाजावरून अर्थ लावणं. पिंपळगाव, बोरगाव, चिंचोली सरळ आहेत. पण अंबाजोगाईत आंबा शोधू नका, ते नाव योगेश्वरी देवीचं. लातूरमध्ये 'लता'ही नाही. राष्ट्रकूटांच्या लेखांत ते लत्तलूर आहे.
- एकच व्युत्पत्ती ऐकून वही मिटणं. येळवस कुणी कन्नड 'एळु'शी जोडतं, म्हणजे सात. पण सीमेपलीकडे कर्नाटकात त्याच दिवशी 'एळ्ळ अमावास्या' असते आणि 'एळ्ळु' म्हणजे तीळ. दोन्ही लिहून ठेवा.

प्रत्येक शब्दापुढे गाव, तारीख आणि सांगणाऱ्याचं अंदाजे वय टाका. भाषाशास्त्राची पुस्तकं सध्या राहू द्या. यंदाच्या मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, कुणाच्या तरी शेतात आंबील-भज्जीच्या जेवणाला जा आणि वही सोबत न्या.