एमएसएल म्हणून पहिली नोकरी: रुजू होण्याआधी काय शिकून जावं?

नाशिकहून फार्म-डी झालात, मुंबईतल्या एका औषध कंपनीत मेडिकल सायन्स लायझन (एमएसएल, म्हणजे विक्री न करता डॉक्टरांना औषधामागचं विज्ञान सांगणारा कंपनीचा माणूस) म्हणून निवड झाली आणि तीन आठवड्यांनी रुजू व्हायचंय. इंडक्शनमध्ये नक्की काय शिकवतात, आधी काय वाचून जावं, आणि मेडिकल अफेअर्सचं, म्हणजे कंपनीतल्या याच वैद्यकीय कामाचं, ते महागडं परदेशी सर्टिफिकेट आत्ताच करावं का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी अकरा वर्षं याच कामात आहे. गेली पाच वर्षं नव्याने आलेल्यांचं प्रशिक्षण माझ्याकडे असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्टिफिकेटचं आधी सांगते. आत्ता करू नका. त्यातला अभ्यासक्रम वाईट नाही, पण ज्याने अजून एकाही डॉक्टरच्या केबिनबाहेर वाट पाहिलेली नाही त्याला त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं. वर्षभर काम करा. तोवर कंपनीच पैसे द्यायला तयार असेल तर जरूर करा. घरचे पैसे मोडून तर अजिबात नको.

इंडक्शन साधारण दहा-पंधरा दिवसांचं असतं. आजार, आपलं औषध, स्पर्धक औषधं, फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणं), कम्प्लायन्स (नियमपालन), ढीगभर एसओपी (कामाच्या ठरलेल्या पद्धतींची कागदपत्रं). एसओपी वाचल्याची सही घेतात आणि शेवटी एक परीक्षा असते. हे सगळं गरजेचंच आहे, पण त्यातून माहिती मिळते, सवय लागत नाही. माझ्या मते पायाभूत सवयी दोनच आहेत: पेपर, म्हणजे शोधनिबंध, शेवटपर्यंत वाचता येणं आणि बोलताना कुठे थांबायचं हे कळणं. बाकीचं सहा महिन्यांत आपोआप अंगवळणी पडतं. या दोन गोष्टी मात्र मुद्दाम घोटाव्या लागतात.

पेपरपासून सुरू करू. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी एक जुना पेपर देते: १९९५ साली आलेला स्कॉटलंडमधला प्रॅव्हास्टॅटिनचा अभ्यास, वॉस्कॉप्स. मग विचारते, औषधाने किती फायदा झाला? सगळे ॲब्स्ट्रॅक्ट (सुरुवातीचा सारांश) बघून सांगतात, ३१ टक्के. आकडा बरोबर आहे. मग मी म्हणते, आता माणसं मोजा. प्रॅव्हास्टॅटिन घेणारे ३३०२, प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) घेणारे ३२९३. जवळपास पाच वर्षांत हार्ट ॲटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू झाला तो प्लासिबो गटात २४८ जणांना, औषधाच्या गटात १७४ जणांना. म्हणजे शंभरामागे साधारण साडेसात विरुद्ध सव्वापाच. फरक सव्वादोनच्या आसपास. एकाचा हार्ट ॲटॅक टाळण्यासाठी साधारण ४४ जणांना पाच वर्षं गोळी द्यावी लागली. ३१ टक्के खरे आणि शंभरात सव्वादोन हेही खरं. फिजिशियनला दोन्ही कळायला हवेत. तुम्ही त्याला एकच सांगितलात तर तुम्ही जाहिरात केलीत, विज्ञान सांगितलं नाही.

एवढ्यावर मी सोडत नाही. पुढचा प्रश्न असतो, यात कोण होते? सगळे पुरुष, वय ४५ ते ६४, कोलेस्टेरॉल जास्त, आधी हार्ट ॲटॅक न आलेले. एकही बाई नाही. मग सोलापूरच्या एखाद्या डॉक्टर मॅडमनी ७० वर्षांच्या मधुमेही आजींबद्दल विचारलं तर या पेपरच्या आधारावर काय सांगाल? प्रामाणिक उत्तर एवढंच, की हा पेपर त्यांच्याबद्दल काही बोलत नाही, दुसरा शोधावा लागेल. बहुतेक मुलं इथे गप्प होतात, कारण ‘माहीत नाही’ म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटतं. या धंद्यात ते कमीपणाचं नाही. ‘सर, बघून उद्या सांगतो’ म्हणून खरंच दुसऱ्या दिवशी सांगणाऱ्या एमएसएलला डॉक्टर पुढच्या वेळी स्वतः फोन करतात.

दुसरा पेपर देते तो कास्ट नावाच्या अभ्यासाचा, १९८९ चा. हार्ट ॲटॅकनंतर हृदयाचे जादा ठोके पडणाऱ्या रुग्णांना एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं दिली. ठोके आटोक्यात येत होते, तरी प्लासिबोपेक्षा औषधाच्या गटात जास्त माणसं दगावली. ईसीजी सुधारला आणि माणूस गेला. सरोगेट एंडपॉइंट (रुग्णाच्या खऱ्या फायद्याऐवजी मोजलेला बदली आकडा) म्हणजे काय, हे यानंतर कोणाला वेगळं शिकवावं लागत नाही. तुमच्या व्हिजुअल एडवर (डॉक्टरांना दाखवायच्या माहितीच्या पानांवर) एखादा रक्ततपासणीचा आकडा मोठ्या अक्षरात दिसला की स्वतःला विचारा: यामुळे रुग्ण जास्त जगतो का, त्याला बरं वाटतं का, की फक्त आकडा हलतो?

वाचण्याची पद्धत सांगायची तर आधी मेथड्स, मग तक्ते, मग रिझल्ट्स आणि चर्चा सगळ्यात शेवटी. पैसे कोणी दिले ते बघा. प्रायमरी एंडपॉइंट (मुख्यतः काय मोजायचं ठरलं होतं ते) मध्येच बदलला होता का, ते नोंदणीत तपासा. भारतातल्या चाचण्या सीटीआरआय या नोंदवहीत असतात. २००९ च्या जूनपासून तिथली नोंद सक्तीची आहे आणि ती कोणालाही मोफत बघता येते. रुजू होईपर्यंत रोज एक पेपर घ्या आणि अर्ध्या पानात, आपल्या शब्दांत, मराठीतच लिहून काढा. कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजे काय हे तुम्हाला मराठीत समजावता आलं नाही, तर ते तुम्हाला इंग्रजीतही समजलेलं नाही. नाशिक, सांगली, लातूरचे डॉक्टर तुमच्याशी अर्धं मराठीतच बोलणार आहेत, त्यामुळे हा सराव वाया जाणार नाही.

पेपरइतकंच महत्त्वाचं म्हणजे प्रिस्क्रायबिंग इन्फर्मेशन, औषधाचं अधिकृत माहितीपत्रक. कोणी म्हणेल, ते बारीक अक्षरातलं पत्रक कोण वाचतं? तुम्ही वाचायचं, पाठ होईपर्यंत. हे मी स्वतः चूक करून शिकले. नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात कोल्हापूरला एका फिजिशियननी विचारलं, क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णाला तुमची ही मधुमेहाची गोळी किती द्यायची? मला वाटलं, मला आठवतंय. मी डोस सांगून टाकला. संध्याकाळी एसटी स्टँडवर बसून पत्रक उघडलं तर त्या पातळीच्या किडनीविकारात डोस निम्मा करायला सांगितला होता. तिथूनच क्लिनिकला फोन लावला. कंपाउंडरने सांगितलं, सर राउंडला गेलेत. पुढचा पाऊण तास कसा गेला ते मला आजही आठवतं, कारण त्यांच्या डोक्यात एक खरा रुग्ण होता हे मला ठाऊक होतं. फोन लागला, मी चूक सांगितली, पत्रकातला उतारा पाठवला. त्यांनी अजून गोळी सुरू केली नव्हती. तेव्हापासून डोसचा प्रश्न आला की पत्रक उघडून, समोर धरून, बोट ठेवून वाचते. मला पाठ असलं तरीही. माझ्या हाताखालच्या प्रत्येकाने तसंच करावं असा माझा आग्रह असतो.

आता दुसरी सवय, थांबण्याची. ही शिकवायला जास्त अवघड आहे, कारण ती मोडायला लावणारी माणसं तुमच्याच ऑफिसात असतात आणि बहुतेक वेळा ती चांगली माणसं असतात. महिना संपत आलाय, टार्गेट बाकी आहे. एरिया मॅनेजर म्हणतो, ‘त्या सरांना आपल्या औषधाचा अमुक आजारातला डेटा जरा सांगून या ना, तुमचं ते ऐकतात.’ आणि त्या आजारासाठी औषधाला मंजुरीच नसते. इथे काय करायचं हे आधीच ठरलेलं नसेल तर पहिल्या वर्षात तुमचा पाय घसरणार.

गॅबापेंटिनची हकीकत मी प्रत्येक बॅचला सांगते. अमेरिकेत १९९३ साली या औषधाला मंजुरी मिळाली ती फिट्सच्या एका प्रकारासाठी, तीही दुसऱ्या औषधाच्या जोडीला. १९९६ मध्ये डेव्हिड फ्रँकलिन नावाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पार्क-डेव्हिस कंपनीत मेडिकल लायझन म्हणून लागले, अगदी तुम्ही लागताय त्याच कामाला. बायपोलर, मायग्रेन, वेगवेगळ्या वेदना अशा मंजुरी नसलेल्या उपयोगांसाठी डॉक्टरांपुढे औषध रेटायला आपल्याला सांगितलं जातंय, हे त्यांच्या लक्षात आलं. काही महिन्यांतच त्यांनी नोकरी सोडली आणि कोर्टात गेले. २००४ मध्ये मूळ कंपनी वॉर्नर-लँबर्टने गुन्हा कबूल केला आणि ४३ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. मला यात दंडापेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. डॉक्टर आपल्यावर विश्वास ठेवतात ते आपण विक्रीचे नाही म्हणून, आणि नेमका तोच विश्वास विक्रीला जुंपला गेला होता.

आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये आलेली यूसीपीएमपी ही मार्केटिंगची आचारसंहिता आहे. औषधाची प्रसिद्धी मंजुरीच्या अटींना धरूनच हवी, हे तिच्यात स्पष्ट आहे. ‘सुरक्षित’ हा शब्द नुसता वापरता येत नाही. भारतात वर्षाहून अधिक काळ मिळणाऱ्या औषधाला ‘नवीन’ म्हणता येत नाही. डॉक्टरांना भेटवस्तू देता येत नाहीत. हा दस्तऐवज फार मोठा नाही. रुजू होण्याआधी एकदा पूर्ण वाचून जा, कारण मार्केटिंगने केलेलं साहित्य तपासायला तुमच्या टेबलावर येणार आहे आणि तिथे कोणता शब्द खोडायचा हे तुम्हाला माहीत असायला हवं.

प्रत्यक्षात मी एकच प्रश्न विचारायला शिकवते: हा विषय आधी कोणी काढला? डॉक्टरांनी आपणहून विचारलं असेल तर प्रश्न त्यांच्याच शब्दांत तारखेसह लिहून घ्यायचा, कंपनीच्या मेडिकल इन्फर्मेशन विभागाकडे पाठवायचा आणि तेवढ्याच प्रश्नाचं, दोन्ही बाजूंच्या पुराव्यासकट उत्तर द्यायचं, त्या उपयोगाला मंजुरी नाही हे सांगून. आपण काढला असेल तर तिथेच थांबायचं. एरिया मॅनेजरला नाही म्हणताना भांडू नका. ‘सरांनी लेखी विचारलं तर मी उद्याच उत्तर देतो’ एवढं शांतपणे सांगा. दोन-तीनदा असं झालं की पुन्हा विचारत नाहीत, आणि तुमच्याबद्दल त्यांच्या मनात रागही राहत नाही. हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

फार्माकोव्हिजिलन्सबद्दल थोडक्यात, पण हे मनावर घ्या. डॉक्टर चहा पिताना सहज बोलून जातात, ‘एका पेशंटला अंगावर पुरळ उठलं, मी गोळी बंद केली.’ त्या क्षणी तुमचं घड्याळ सुरू झालं. रुग्णाची काहीतरी ओळख (वय किंवा आद्याक्षरंही चालतात), सांगणारा कोण, औषध कोणतं, झालं काय, या चार गोष्टी मिळाल्या की तो रिपोर्ट होतो, आणि बहुतेक कंपन्यांत तो २४ तासांत किंवा एका कामकाजाच्या दिवसात सेफ्टी टीमकडे पोचवावा लागतो. पुरळ औषधानेच उठलं का, हे तुम्ही ठरवायचं नाही. गरोदरपणात चुकून घेतलेली गोळी, जास्त डोस, गुणच न येणं हेही कळवायचं. २०१० मध्ये सुरू झालेला देशाचा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम २०११ पासून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालतो. त्याची हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ आहे आणि रुग्णही तिथे थेट कळवू शकतात. हे डॉक्टरांना सांगा, पुष्कळांना माहीत नसतं. फार्म-डीच्या वॉर्ड पोस्टिंगमध्ये तुम्ही एडीआरचे (औषधांच्या दुष्परिणामांचे) फॉर्म भरले असतीलच. त्या बाबतीत तुम्ही इतरांच्या पुढे आहात.

क्लिनिकल ट्रायलचे नियम, म्हणजे २०१९ चे, पहिल्या महिन्यात तोंडओळखीपुरते पुरेत. जीसीपीचा (ट्रायल नीट कशी चालवायची, त्या नियमांचा) कोर्स कंपनी करून घेईल. प्रेझेंटेशन, स्लाइड, इंग्रजी उच्चार याची काळजी सोडा. शिकत असताना माझंही इंग्रजी अडखळत होतं आणि त्यामुळे एकाही डॉक्टरने मला परत पाठवलं नाही.

तीन आठवड्यांचा हिशोब असा ठेवा. पहिल्या आठवड्यात तुमच्या औषधाचं पत्रक आणि यूसीपीएमपी. मग रोज एक पेपर. शेवटच्या दोन-तीन दिवसांत ओळखीच्या एखाद्या डॉक्टरच्या क्लिनिकमध्ये त्यांच्या परवानगीने ओपीडीच्या वेळेत कोपऱ्यात बसा आणि एका रुग्णामागे त्यांना किती मिनिटं मिळतात ते मोजा. तुमचं बोलणं त्यातलीच मिनिटं घेणार आहे.

कंपनीने कोणता थेरपी एरिया (कोणत्या आजारांचं क्षेत्र) दिलाय ते तुम्ही लिहिलेलं नाही. कळलं की इथेच खाली सांगा, त्यातले सुरुवातीला वाचायचे चार-पाच पेपर मी सुचवते.