मांजराचं पिल्लू डुलत चालतं, उडी मारताना पडतं, काळजी करावी का?

तुमचं पिल्लू तीन महिन्यांचं आहे, भूक चांगली, खेळतंही भरपूर. पण चालताना डुलतं, सोफ्यावर उडी मारली की मागे घसरतं आणि खायला वाकलं की डोकं हलायला लागतं. यातलं शेवटचं लक्षण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

नुसतं धांदरट पिल्लू उड्या चुकवतं, गुळगुळीत फरशीवर वळताना घसरतं, पण वाटीजवळ त्याचं डोकं थरथरत नाही. हवेत वळून पायांवर पडणं मांजरांना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून जमू लागतं आणि सातव्याच्या सुमारास पक्कं होतं. त्यामुळे तुमच्या पिल्लाचा 'लहान मेंदू', म्हणजे तोल आणि हालचाली सांभाळणारा मेंदूचा भाग, पुरता वाढला नसावा, अशी शंका येते. डॉक्टर याला सेरेबेलर हायपोप्लेसिया म्हणतात. आई गाभण असताना किंवा जन्मानंतर लगेच पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या संसर्गजन्य रोगाच्या विषाणूची लागण, हे त्याचं नेहमीचं कारण.

घरच्या घरी एवढं पाहा. गाढ झोपेत कंप थांबतो का? नाक वाटीच्या जवळ जाईल तसा वाढतो का? दोन्ही 'हो' असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, कारण दवाखान्यात घाबरलेलं पिल्लू बऱ्याचदा चालतच नाही. निदान हेच निघालं तर घाबरू नका. याने दुखत नाही, वयाबरोबर वाढतही नाही. अशी पिल्लं पाय फाकवून उभं राहायला, भिंतीला टेकून चालायला आपली आपण शिकतात. किती गोड दिसतात तेव्हा!

मात्र चांगलं चालणारं मांजर अचानक झोकांड्या खाऊ लागलं, मान एका बाजूला कलली किंवा मागचे पाय लुळे आणि गार पडले, तर त्याच तासाला दवाखाना गाठा. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर झटके येऊन जीव जाऊ शकतो.

घरात थोडे बदल करा. वाटी पसरट, जड चिनीमातीची घ्या आणि पाटावर ठेवा, म्हणजे मान कमी वाकते आणि तोल टिकतो. वावरायच्या वाटेवर रबरी बुडाची पायपुसणी अंथरा. नखं फार बारीक कापू नका, पकडीचा सगळा आधार तोच आहे. लिटर बॉक्सच्या तीन बाजू उंच हव्यात, टेकायला. चौथी इतकी बुटकी की पाय न अडकता आत जाता यावं. गॅलरीला जाळी हवीच. अशी मांजरं हवेत नीट वळू शकत नाहीत, म्हणून त्यांना कपाटावरही चढू देऊ नका.

आणि उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. खाली ठेवताना चारही पंजे जमिनीला टेकू द्या, छातीखालचा हात क्षणभर तसाच ठेवा, ते स्थिर झालं की मग सोडा.