थ्रो लाइन झाडात अडकली की काय करायचं

अरे, थ्रो लाइन, म्हणजे झाडावर चढायचा दोर वर न्यायला वजनाची पिशवी बांधून फांदीवरून फेकतो ती बारीक दोरी, अडकली की आधी ओढायचं थांबव. ताणलेली लाइन एकदम सुटली की वजनाची पिशवी गलोलीतून सुटल्यासारखी तोंडावर येते, माझा चष्मा गेलाय असाच. आणि लाइन हाताला गुंडाळून तर कधीच ओढू नको. ढील दे, हलके झटके मार, झाडाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बघ, बऱ्याचदा एवढ्यानेच सुटते.

मुळात चुकीच्या फांदीवरून गेली तर पिशवी उलटी वर खेचायचीच नाही, ती बेचक्यात जाऊन बसते, त्यापेक्षा ढील देत जमिनीवर उतरव, पिशवी सोड आणि नुसती लाइन काढून घे, टोकाला गाठ ठेवायची नाही हां.

आपल्या कोकणात पावसाळ्यानंतर आंब्यावर शेवाळ, बांडगूळ सगळंच, त्यात ओली लाइन चिकटते, म्हणून २ मिमीची गुळगुळीत लाइन घे आणि पिशवी ३५० ग्रॅमच्या आसपास, हलकी असली तर खरखरीत सालीवरून खाली येतच नाही. हुमल्यांचं, म्हणजे झाडावरच्या चावऱ्या लाल मुंग्यांचं, घरटं दिसलं तर ती फांदी विसर. नाहीच सुटली तर दुसरी लाइन टाकून वेगळ्या फांदीवरून चढ आणि वरून सोडव.